गिटारचा जन्मदाखला

२० जून २०१९. न्यूयॉर्कमधील ख्रिस्तीज या लिलावगृहात ‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लिश रॉक समूहाचे वादक डेव्हिड गिलमोर यांच्या गिटारींचा लिलाव चालू होता. येणारी सारी रक्कम हवामानबदलाविरुद्ध काम करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकायची, असे गिलमोर यांनी आधीच जाहीर केले होते. त्या गिटारींत एक पांढरी, सोनेरी पत्र्याची ‘स्ट्रॅटोकास्टर’ होती. दिसायला सुबक खरी, पण तशा पांढऱ्या गिटारी जगात पुष्कळ आहेत. हिची पाठ उलटून पाहिली की मात्र पाहणाऱ्याचे डोळे विस्फारत. तिथे चार स्क्रूंनी बसवलेल्या लोखंडी पट्टीवर चार आकडे ठोकलेले होते : ०००१. त्या गिटारला १८ लाख १५ हजार डॉलर आले. त्या वेळच्या भावाने साडेबारा कोटी रुपयांच्या वर!

पहिल्या क्रमांकाची गिटार म्हणजे कारखान्यातून बाहेर पडलेली पहिली गिटार, असे कुणालाही वाटेल. पण तसे नाही. हिच्या आधीच कित्येक स्ट्रॅटोकास्टर तयार होऊन दुकानांत गेल्या होत्या, हे जाणकारांना ठाऊक होते. गिलमोर यांना ठाऊक होते, लिलाववाल्यांना ठाऊक होते आणि ज्याने पैसे मोजले त्यालाही ठाऊक असणारच. तरीही त्या चार आकड्यांची मोहिनी कमी झाली नाही.

मग गिटारवरच्या क्रमांकाला अर्थ तरी काय? हा प्रश्न वाटतो तितका हौशी नाही. जुन्या इलेक्ट्रिक गिटारींचा बाजार आज मोठा आहे. एकाच कंपनीची, एकाच नमुन्याची गिटार १९५९ सालची निघाली तर घर विकत घेता येईल इतकी किंमत येते, आणि १९६९ सालची निघाली तर बरीच कमी. दोन-चार आकड्यांवर एवढे अवलंबून असेल, तर ते आकडे वाचायला शिकलेच पाहिजे. आणि ते कुठे खोटे बोलतात, हेही.

आपल्याकडे घरोघरी आजीच्या काळातले सिंगरचे शिलाई यंत्र असते. त्याच्या अंगावरचा क्रमांक घ्यावा आणि कंपनीच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहावा, म्हणजे ते यंत्र कोणत्या साली बनले हे बहुधा कळते. कोणत्या कारखान्याला कोणत्या दिवशी कोणते क्रमांक दिले, याची सिंगरने शिस्तीने नोंद ठेवली होती. गिटारवाल्यांकडून तशी शिस्त अपेक्षिणाऱ्याची मात्र निराशा होते.

डब्यातून हाती येईल ती पट्टी

लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. पण पोकळ पेटीऐवजी भरीव लाकडाची फळी घ्यायची, तारांखाली चुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवायचे आणि तारांच्या कंपनातून वीज उचलायची, ही कल्पना त्यांनी अशी काही राबवली की सुताराच्या कारखान्यात टेबले व्हावीत तशा गिटारी होऊ लागल्या. १९५० मध्ये त्यांची ‘ब्रॉडकास्टर’ आली. ग्रेच कंपनीच्या ढोलांचे नाव त्याच उच्चाराचे होते. त्यांनी हरकत घेतली, तेव्हा १९५१ मध्ये हीच गिटार ‘टेलिकास्टर’ झाली. मधल्या काही महिन्यांत फेंडरच्या माणसांनी छापून ठेवलेल्या चिकटचिठ्ठ्यांवरचे ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव कात्रीने कापून टाकले आणि उरलेला ‘फेंडर’ एवढाच भाग चिकटवला. चिठ्ठ्या फुकट घालवायच्या नव्हत्या! आज या बिननावाच्या गिटारींना संग्राहक जास्त पैसे देतात.

या काटकसरीतच क्रमांकांच्या गोंधळाचे मूळ आहे. १९५४ च्या सुमारापासून फेंडरच्या गिटारीचा क्रमांक नेक आणि बॉडी जोडणाऱ्या मागच्या पट्टीवर असे. त्याआधी टेलिकास्टरचा क्रमांक तारा जिथे टेकतात त्या ब्रिजच्या पत्र्यावर असायचा. पट्ट्या एकगठ्ठा ठोकून यायच्या आणि डब्यात पडायच्या. गिटार जोडणारा कामगार डब्यात हात घालून जी येईल ती पट्टी लावायचा. वरच्या पट्ट्या आधी संपत, तळाच्या तशाच राहत. त्यामुळे लहान क्रमांकाची गिटार मोठ्या क्रमांकाच्या गिटारीपेक्षा वर्षभराने धाकटी असू शकते. कंपनीला क्रमांक हवा होता तो हमीपत्रासाठी आणि हिशेबासाठी. सत्तर वर्षांनी कुणी त्यावरून कुंडली मांडील, असे त्या कामगाराच्या स्वप्नातही आले नसेल.

तरी स्थूल अंदाज बांधता येतो. पन्नाशीच्या दशकातले क्रमांक चार-पाच आकडी आहेत. क्रमांक एक लाखाच्या घरात पोचू लागले तेव्हा, म्हणजे १९६२ च्या अखेरीपासून, आकड्यांच्या आधी ‘एल’ हे इंग्रजी अक्षर दिसू लागते. ते १९६५ पर्यंत चालते. त्यानंतर पट्टीवर भले मोठे ‘एफ’ येते, ते १९७६ पर्यंत. मग क्रमांक पट्टीवरून उठून खुंट्यांजवळच्या टोकावर, म्हणजे हेडस्टॉकवर, जाऊन बसतो. तिथून वाचन सोपे होते. ‘एस’ म्हणजे सत्तरचे दशक, ‘ई’ म्हणजे ऐंशीचे, ‘एन’ म्हणजे नव्वदचे, ‘झेड’ म्हणजे २००० नंतरचे, आणि अक्षरापुढचा पहिला आकडा त्या दशकातले वर्ष सांगतो. ‘एस ८’ म्हणजे १९७८. तरीही इथे फसगत आहेच. छापून ठेवलेल्या चिकटचिठ्ठ्या पुढच्या सालीही वापरल्या गेल्या. ‘ई ४’ छापलेल्या गिटारी १९८४ नंतर दोन-तीन वर्षे निघत होत्या. डबा गेला, पण सवय काही गेली नाही.

‘एल’ आणि ‘एफ’ यांच्यामधली सीमा मात्र नुसती अक्षरांची नाही. जानेवारी १९६५ मध्ये लिओ फेंडर यांनी आपली कंपनी सीबीएस या अमेरिकेतल्या बलाढ्य प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली. तेव्हापासून उत्पादन वाढले आणि काम ढिले पडले, असा वादकांचा पक्का समज आहे. समज पूर्णपणे खरा नाही. नव्या मालकांच्या पहिल्या वर्षातल्या गिटारी तेच कामगार, तीच यंत्रे, तेच लाकूड वापरून झाल्या होत्या. पण बाजार समजावर चालतो. त्यामुळे विक्रीपूर्वीची गिटार आणि विक्रीनंतरची गिटार यांत मोठी दरी पडली आहे. ‘एल’ पट्टीची गिटार दाखवून कुणी ‘ही १९६४ ची’ असे सांगत असेल, तर घाई करू नये. ‘एल’च्या पट्ट्या १९६५ मध्येही लागत होत्या.

शिवाय पट्टी चार स्क्रूंवर असते. पेचकस घेऊन दहा मिनिटांत ती एका गिटारीवरून दुसरीवर जाते. यात नेहमी लबाडीच असते असेही नाही. प्रख्यात वादक एरिक क्लॅप्टन यांनी १९७० च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या एका दुकानातून जुन्या स्ट्रॅटोकास्टर अक्षरशः ढिगाने उचलल्या. तेव्हा त्या जुन्या बाजाराच्या भावाने मिळत, दोन-तीनशे डॉलरला एक. तीन त्यांनी जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड या मित्रांना देऊन टाकल्या. उरलेल्या तिघींपैकी एकीची बॉडी, दुसरीची नेक, तिसरीचे आणखी काही, असे उत्तम तेवढे एकत्र करून एक काळी गिटार जुळवली आणि वर्षानुवर्षे तीच वाजवली. ही ‘ब्लॅकी’ २००४ मध्ये लिलावात ९ लाख ५९ हजार ५०० डॉलरला गेली. तिच्या पट्टीवरचा क्रमांक तिघींपैकी कुणाचा जन्म सांगतो? पट्टीचा, फार तर!

शाईचा नऊ

फेंडरची मोठी प्रतिस्पर्धी गिब्सन. मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावात १९०२ पासूनचा हा व्यवसाय. सुतारकामाची परंपरा जुनी, माल महाग. १९५२ मध्ये त्यांनी ‘लेस पॉल’ नावाची भरीव गिटार काढली. पहिल्या वर्षी तिला क्रमांकच नव्हता. १९५३ पासून हेडस्टॉकच्या मागे शाईच्या शिक्क्याने क्रमांक येऊ लागला, आणि त्यातला पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. ५ ने सुरू झाला तर १९५५, ९ ने सुरू झाला तर १९५९. किती सोयीचे!

दुर्दैवाने ते लबाडांच्याही सोयीचे झाले. १९५८ ते १९६० या काळात लेस पॉलचा एक प्रकार निघाला. पुढची बाजू मेपल लाकडाची, त्यात वाघाच्या पट्ट्यांसारखी नैसर्गिक नक्षी, आणि कडेला तांबड्याकडून मध्ये पिवळ्याकडे जाणारा रंग. सगळ्या मिळून दीड हजाराच्या आसपास झाल्या असतील. किंमत होती अडीचशे डॉलरच्या आसपास, आणि तरीही खपल्या नाहीत. जड होत्या, जुन्या वळणाच्या होत्या. कंपनीने हा नमुना बंद केला आणि १९६१ पासून दोन शिंगांची पातळ गिटार आणली. पुढे इंग्लंडमधल्या तरुण वादकांनी जुन्या बाजारातून त्या जड गिटारी उचलल्या, त्यांतला आवाज जगाने ऐकला आणि भाव चढू लागला. आज त्यांतल्या चांगल्या नगाला काही लाख डॉलर पडतात. जाणकारांत एक विनोद नेहमी ऐकू येतो : कारखान्यातून दीड हजार निघाल्या, त्यांपैकी अडीच हजार अजून शिल्लक आहेत!

शाईचा ९ उमटवायला कितीसा वेळ लागणार? म्हणून या गिटारींच्या बाबतीत क्रमांक हा पुरावा नव्हे, तो नुसता दावा. खरेदीदार आधी रंग पाहतो. त्या काळी वापरलेला तांबडा रंग उन्हाने उडतो. दुकानाच्या काचेत टांगून राहिलेल्या गिटारी पार लिंबाच्या रंगाच्या झाल्या. त्यामुळे जिथे ऊन पोचत नाही तिथला, पत्र्याच्या किंवा पट्टीच्या खालचा रंग अजून गडद राहिला असेल तर तो शुभशकुन समजतात. मग अतिनील प्रकाशाचा दिवा लावतात. जुने वॉर्निश त्या प्रकाशात हिरवट-पिवळसर चमकते, आणि मागाहून रंग दिलेला भाग वेगळा पडतो. तुटून परत जोडलेले हेडस्टॉक या दिव्याखाली लपत नाही. गिब्सनचे हेडस्टॉक मागे झुकलेले असते, गिटार पडली की तिथेच मोडते, त्यामुळे ही तपासणी चुकवायची नाही.

साठच्या दशकात गिब्सनने जे केले त्याला मात्र तोड नाही. शाई सोडून आकडे लाकडात दाबायला सुरुवात केली, इथवर ठीक. पण तेच तेच क्रमांक वेगवेगळ्या वर्षी पुन्हा पुन्हा वापरले. एकाच क्रमांकाच्या दोन गिटारी, त्याही चार-पाच वर्षांच्या अंतराने, ही त्या काळात नवलाची गोष्ट नाही. १९७० नंतर क्रमांकाखाली ‘मेड इन यू.एस.ए.’ अशी अक्षरे ठोकली जाऊ लागली, म्हणून तेवढ्यावरून साठ आणि सत्तर वेगळे करता येतात. अखेर १९७७ मध्ये कुणाला तरी शहाणपण सुचले आणि आठ आकड्यांची पद्धत आली. ती खरोखर छान आहे. समजा, क्रमांक आहे ८१२३०५४१. पहिला आणि पाचवा आकडा एकत्र वाचायचा : ८ आणि ०, म्हणजे १९८०. मधले तीन, १२३, म्हणजे वर्षाचा १२३ वा दिवस. १९८० लीप वर्ष होते, म्हणून तो २ मे. शेवटचे ५४१ म्हणजे त्या दिवसाचा अनुक्रम. तो ५०० किंवा त्याच्या वरचा असेल तर गिटार नॅशव्हिलच्या नव्या कारखान्यातली, खालचा असेल तर जुन्या कॅलामझूची. १९८४ मध्ये कॅलामझूचा कारखाना बंद झाला. तिथल्या काही जुन्या माणसांनी गाव सोडायला नकार दिला आणि त्याच आवारात १९८५ मध्ये ‘हेरिटेज’ नावाने स्वतःच्या गिटारी करायला घेतल्या.

बाकीच्यांची तऱ्हा थोडक्यात. रिकनबॅकरने १९६१ पासून दोन अक्षरे वापरली. पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ‘डी बी’ म्हणजे १९६४ चा फेब्रुवारी. जपानच्या इबानेझने १९७५ पासून महिन्याला एक अक्षर आणि पुढे सालाचे दोन आकडे, अशी सरळ पद्धत ठेवली. हे दोघे वाचायला सगळ्यांत सोपे. कोलकात्यात बनणाऱ्या ‘गिवसन’ गिटारी आपल्या देशात पुष्कळ शिकाऊ हातांनी वाजवल्या आहेत. त्यांचे नाव ‘गिब्सन’शी जुळते, पण दोन्ही कंपन्या अगदी वेगळ्या. त्यामुळे अमेरिकन कोष्टक काढून गिवसनचे साल शोधू नये.

पोटात शिरल्याशिवाय

क्रमांकावर भिस्त नाही, तर मग कशावर? जाणकार गिटार उघडतो. फेंडरच्या गिटारीची नेक स्क्रूंनी बसवलेली असल्यामुळे ती सोडवता येते. तिच्या बुडाशी, जिथे एरवी कुणाची नजर जात नाही तिथे, कामगाराने पेन्सिलीने तारीख लिहिलेली असते. १९६२ पासून तिथे पेन्सिलीऐवजी शिक्का दिसतो. पन्नाशीच्या दशकातल्या काही नेकवर तारखेबरोबर ‘टी जी’ अशी अक्षरे आहेत. ती टाडेओ गोमेझ या कारागिराची. नेकला हाताने आकार देणे हे त्याचे काम. त्याची दोन अक्षरे दिसली की आज खरेदीदाराचा आवाज बदलतो. ॲबिगेल यबारा या बाई १९५६ मध्ये कामाला लागल्या आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत पिकअपची वेटोळी गुंडाळत राहिल्या. केसाएवढी बारीक तार, हजारो फेरे. फेंडरच्या कारखान्यात अशा कामांवर स्पॅनिश बोलणाऱ्या बायकांचे हात मोठ्या संख्येने होते. त्यांनी वेटोळ्याखाली किंवा बॉडीच्या खोबणीत डकवलेल्या कागदी पट्टीवर लिहिलेली नावे आणि तारखा आज जन्मदाखल्यासारख्या वाचल्या जातात.

नेकची तारीख ही गिटारची तारीख नव्हे, एवढे लक्षात ठेवावे. नेक तयार होऊन काही महिने मांडणीवर पडून राही. बॉडी वेगळ्या आठवड्यात रंगे. दोघांच्या तारखांत तीन-चार महिन्यांचे अंतर असले तर काही बिघडत नाही. दोन-तीन वर्षांचे असले तर मात्र विचारायला हवे.

याहून भरवशाचा साक्षीदार आवाजाच्या बटणाखाली बसलेला असतो. आवाज कमी-जास्त करणारा ‘पॉट’, रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या ओळखीचाच. अमेरिकन कारखान्यांनी सुट्या भागांवर ठोकायचा एक संकेत ठरवला होता. पहिले तीन आकडे पॉट बनवणाऱ्या कारखान्याचे. ३०४ असेल तर स्टॅकपोल, १३७ असेल तर सीटीएस. नंतर साल, शेवटी आठवडा. ३०४६३२० म्हणजे स्टॅकपोलने १९६३ च्या विसाव्या आठवड्यात केलेला पॉट. यावरून एक गोष्ट निश्चित होते : टाके मूळचे असतील, तर गिटार त्या आठवड्याच्या आधीची असूच शकत नाही. नंतरची किती, ते मात्र पॉट सांगत नाही. फेंडरच्या नव्या मालकांनी १९६६ मध्ये पॉट इतके घेऊन ठेवले की ते १९६९ पर्यंत पुरले. नुसता पॉट वाचून त्या काळातल्या कित्येक गिटारींचे वय तीन वर्षांनी वाढवले गेले आहे.

लाकूडही बोलते. फेंडरच्या पन्नाशीच्या दशकातल्या नेक एकाच मेपलच्या तुकड्याच्या होत्या. १९५९ मध्ये त्यांवर शिसवाची जाड, खालून सपाट फळी आली. १९६२ च्या मध्यावर तिची जागा पातळ, खालून वाकलेल्या थराने घेतली. नेकच्या बुडाकडून पाहिले की ही रेषा स्पष्ट दिसते, आणि ती बदलणे सोपे नाही.

या शिसवाच्या गोष्टीत आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे. पूर्वी चांगल्या गिटारींना ब्राझीलचा शिसव लागे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ब्राझीलने ओंडके बाहेर पाठवणे बंद केले, तेव्हा गिटारवाल्यांची नजर भारताकडे वळली. मार्टिन या जुन्या अमेरिकन कंपनीने १९६९ मध्ये भारतीय शिसव स्वीकारला. ज्या लाकडाचे आपल्याकडे देव्हारे आणि पलंग होत, तेच पश्चिम घाटातले लाकूड परदेशी गिटारींच्या पाठीला आणि पट्ट्यांना लागले. म्हणून साठीच्या आधीची म्हणवणाऱ्या अमेरिकन गिटारीवर भारतीय शिसव दिसला, तर ते लाकूड मागाहून बसवले नाही ना, अशी शंका घ्यावी. दुसरी बाजूही आहे. ब्राझीलचा शिसव १९९२ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार सर्वांत कडक यादीत आहे, आणि त्याचा लहानसा तुकडा असलेले वाद्यही कागदपत्रांशिवाय देशाबाहेर विकता येत नाही. इथे साल ठरवणे हा हौसेचा नव्हे, कायद्याचा प्रश्न होतो.

टोकियोतली अदलाबदल

क्रमांकाची खरी किंमत कधी कधी पैशांत नसते. कॅनडाचे रँडी बॅकमन हे ‘द गेस हू’ आणि ‘बॅकमन-टर्नर ओव्हरड्राइव्ह’ या समूहांमुळे नावाजलेले वादक. विशीच्या उंबरठ्यावर त्यांनी लोकांची हिरवळ कापून, मोटारी धुऊन पैसे जमवले आणि ४०० डॉलरला १९५७ ची नारिंगी ग्रेच गिटार घेतली. दौऱ्यावर असताना हॉटेलच्या खोलीत ते ती साखळीने बांधून ठेवत. तरीही १९७६ मध्ये टोरोंटोच्या एका हॉटेलातून ती चोरीला गेली. त्या दुःखात बॅकमन यांनी पुढे तशाच जुन्या ग्रेच गिटारी शेकड्यांनी गोळा केल्या. त्यांतली एकही ‘ती’ नव्हती.

४४ वर्षांनी, कोविडच्या टाळेबंदीत, त्यांच्या एका जुन्या शेजाऱ्याने घरबसल्या शोध घेतला. त्याच्या हाती होती जुनी छायाचित्रे, आणि पुढच्या लाकडात असलेला एक छोटा काळा डाग. लाकडाच्या रेषा माणसाच्या बोटांच्या ठशांसारख्या. दोन फळ्यांच्या सारख्या निघत नाहीत. इंटरनेटवरची शेकडो चित्रे पाहता पाहता एका जपानी वादकाच्या चित्रफितीत तो डाग दिसला. ताकेशी नावाच्या या वादकाने ती २०१४ मध्ये टोकियोतल्या दुकानातून रीतसर विकत घेतली होती आणि त्याचाही तिच्यावर जीव जडला होता.

त्याने अट घातली : देतो, पण हिच्याच सारखी दुसरी आणून द्या. आता खरे काम सुरू झाले. त्याच सालची, त्याच नमुन्याची, रंग न बदललेली, मोडतोड न झालेली. आणि इथे क्रमांक उपयोगी पडले. ग्रेच कंपनी १९६५ पर्यंत आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर सलग चढते क्रमांक देत असे, म्हणून कोणत्या दोन गिटारी जन्माने शेजारी आहेत हे सांगता येते. शोधता शोधता मिळाली ती त्याच आठवड्यात बनलेली आणि क्रमांकानेही जवळजवळ शेजारची बहीण. १ जुलै २०२२ रोजी, कॅनडाच्या राष्ट्रीय दिनी, टोकियोतल्या कॅनडाच्या वकिलातीत दोन्ही वादक समोरासमोर आले. ७८ वर्षांच्या बॅकमन यांनी बहीण दिली आणि आपली परत घेतली. मग दोघांनी मिळून वाजवले.

या गोष्टीत एक मेख आहे. हरवलेली गिटार ओळखली ती लाकडातल्या डागाने, क्रमांकाने नव्हे. क्रमांक कामी आला तो जोडीदार शोधताना. पण मालकाजवळ जुनी स्पष्ट छायाचित्रे नसती, तर दोन्हीतले काहीच घडले नसते.

मुंबईच्या सिनेसंगीताच्या वाद्यवृंदांत, गोव्याच्या घरांत, कोलकाता आणि शिलाँगच्या कॉलेजांत १९६० आणि १९७० च्या दशकांत इलेक्ट्रिक गिटार वाजत होती. ‘दम मारो दम’च्या वेळी, १९७१ मध्ये, ती भूपिंदरसिंगांच्या हातात होती. आयातीवर कडक बंधने असताना कुणी जहाजावरून आणली, कुणी परदेशी जाणाऱ्याबरोबर मागवली. माळ्यावर किंवा पलंगाखाली अशी एखादी पेटी असेल, तर ती साफसफाईच्या दिवशी भंगारात टाकण्याआधी थोडे थांबावे. आधी पुढून, मागून, हेडस्टॉकच्या दोन्ही बाजूंनी आणि क्रमांकाची जवळून अशी छायाचित्रे काढून ठेवावीत. क्रमांक वहीत लिहून ठेवावा. लाकडाच्या रेषा स्पष्ट दिसतील असे एक चित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे. विमा असो की पोलीस, दोघेही पहिल्यांदा तेच मागतात.

पॉलिश करू नये. नवा रंग तर मुळीच देऊ नये. चांगल्या गिटारीची निम्मी किंमत एका दुपारच्या रंगकामात जाते. तारा सैल करून ठेवाव्यात, म्हणजे नेकवरचा ताण कमी होईल, पण पेटीतला जुना पट्टा, पावती, किल्ली, दुकानाची चिठ्ठी, काहीही फेकू नये. विकत घेतल्याची तारीख असलेली पावती कोणत्याही कोष्टकापेक्षा मोलाची. आणि घरातल्या इंजिनियर मुलाने कितीही उत्साह दाखवला, तरी पॉटचे टाके उकलू देऊ नयेत. साठ वर्षांपूर्वीचा तो मळकट डाग तसाच राहिला, तरच त्या शेजारचे सात आकडे खरे मानले जातात.